शिवेवर आलेला माग

“...आणि एकोणीस दिवस तो सोडावाला तोंडात काय धरून बसला होता, बाबा? गुळणी?”

रणनवरे वकिलांनी हा प्रश्न विचारला तेव्हा भिवाबाबा मठाच्या ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

प्रश्न खरं तर बाबांना नव्हताच. तो सरकारला होता. गेली अकरा वर्षं वकील समोर येईल त्याला सरकार समजून प्रश्न विचारत होते, आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असं कुणी म्हणू नये.

ज्ञानदेवतात्या खरमाटे कोण होते, हे त्या कोरड्या पट्ट्यातल्या कुणालाही विचारावं. कालव्याचं पाणी बागायतदारांच्या उसाला जातं आणि माळावरच्या माणसांना टँकरमागे पळावं लागतं, हे तात्यांनी पहिल्यांदा मोठ्या आवाजात म्हटलं. लोक त्यांच्यामागे उभे राहिले. आणि एके दिवशी करडवाडीच्या माळावर, भर सभेत, सात हजार माणसांदेखत, तात्यांना तीन गोळ्या घातल्या गेल्या. वकील त्यांच्यापासून चार हातांवर होते. तात्यांनी शेवटचा श्वास सोडला तो वकिलांच्या मांडीवर. त्या दिवशीचा सदरा त्यांनी अजून धुतलेला नव्हता.

मग सरकारनं आयोग नेमला.

आयोग म्हणजे काय, ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. एक निवृत्त न्यायमूर्ती, दोन लघुलेखक आणि डाकबंगल्यातल्या कोंबड्या. अडीच वर्षं साक्षी चालल्या. कोंबड्या संपल्या तेव्हा अहवाल आला.

अहवाल म्हणाला, मारेकरी एकच. अंकुश पुकळे, वय चोवीस, तात्यांच्याच संघटनेचा कार्यकर्ता. संघटनेतून काढून टाकल्याच्या रागात त्यानं हे केलं. त्याच्या मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. अंकुशला जन्मठेप झाली आणि सरकारनं हात झटकले.

अंकुशला संघटनेत आणलं होतं रणनवरे वकिलांनी. तीन वर्षं तो त्यांच्या घरी जेवला होता. आपल्यातलाच माणूस आपल्या तात्यांवर गोळी झाडतो, हे वाक्य वकिलांना नुसतं खोटं वाटलं नाही, शिवी वाटली.

आणि अहवाल तरी कसा! पिस्तूल ज्या विहिरीत सापडलं तिच्यात आधी तीन दिवस पट्टीचे पोहणारे उतरवून काही मिळालं नव्हतं. चौथ्या दिवशी ते आपोआप मिळालं. पंचनाम्यावरची वेळ पहिल्या गोळीच्याही आधीची. फोटोग्राफरच्या सोळा निगेटिव्हपैकी तीन गायब. अंकुशला पिस्तुलासकट पळताना पाहणारा साक्षीदार एकच, सभेत सोडा विकणारा, आणि त्याला आपण काय पाहिलं ते आठवलं एकोणिसाव्या दिवशी. असल्या अहवालावर विश्वास ठेवायला माणूस एक तर सरकारी नोकर असावा लागतो, नाही तर झोपेत.

वकिलांनी त्या अहवालाचा कीस काढला. चारशे पानांचं पुस्तक लिहिलं. त्र्याऐंशी शंका.

शेवटच्या प्रकरणात मात्र शंका नव्हती. तिथं नाव होतं. शहाजी डुबल. कालव्याचा ठेकेदार, दीडशे एकरांचा बागायतदार, तात्यांचा जुना वैरी. तात्यांना यानंच मारवलं, अंकुश हे नुसतं बुजगावणं, असं वकिलांनी लिहिलं होतं.

हे नाव नवं नव्हतं. गेल्या स्मृतिदिनी नुसत्या कुजबुजीवर संघटनेच्या पोरांनी डुबलांची कडब्याची गंज पेटवली होती आणि त्यांच्या जावयाचा हात मोडला होता. आता तेच नाव छापून, वकिलाच्या सहीनं, येत्या रविवारी स्मृतिदिनाला जमणाऱ्या पाच हजार माणसांच्या हातात पडणार होतं. त्यानंतर डुबलांच्या मळ्यात काय होईल, हे वकिलांना कळत नव्हतं असं नाही. ते म्हणत, होऊ दे. तात्यांचं झालं तेव्हा कोण रडलं होतं?

शेवटच्या सोळा पानांची प्रुफं त्यांच्या पिशवीत होती. मठाच्या टेकडीखालून तीनची एसटी जाते. तिच्या कंडक्टरच्या हाती गठ्ठा दिला की संध्याकाळी तो साताऱ्याच्या छापखान्यात पोचणार, आणि रविवारी पुस्तक बाहेर. फक्त एक पान जोडायचं राहिलं होतं. त्या पानासाठी वकील आले होते.

भिवाबाबा मठात येण्याआधी आंबेखिंडीचे जागल्या होते, वतनदार. चोरी झाली, खून झाला, की पावलांचा माग काढत जाणं हे त्यांच्या घराण्याचं काम. ती वतनं गेली, पण त्यांची नजर गेली नव्हती. तात्यांच्या खुनाच्या दुसऱ्या दिवशी पोलीस त्यांना जीपमध्ये घालून करडवाडीच्या माळावर घेऊन गेले होते. आयोगानं त्याला अर्धी ओळ दिली: ‘स्थानिक माग काढणाऱ्या इसमाकडून काही निष्पन्न झाले नाही.’

या अर्ध्या ओळीवर वकिलांचा काडीचा विश्वास नव्हता. काहीतरी निष्पन्न झालं असणार आणि ते दडपलं असणार.

शिवाय बाबा त्यांचे गुरू. तात्या गेल्यावर वकिलांची झोप उडाली तेव्हा ते या मठात महिनाभर येऊन पडले होते. बाबांनी उपदेश केला नाही, औषध दिलं नाही, नुसती दोन वेळा भाकरी वाढली. महिन्यानं वकिलांना झोप लागली. तेव्हापासून ते वर्षातून दोनदा पायांवर डोकं ठेवायला येत. गुरू आपल्याला नाही म्हणणार नाहीत याची त्यांना इतकी खात्री होती, की बाबांचा जबाब त्यांनी घरूनच टाइप करून आणला होता.

‘घटनास्थळापासून दोन इसमांच्या पावलांचा माग पूर्वेस श्री. शहाजी डुबल यांच्या मळ्याकडे गेलेला मी समक्ष पाहिला.’ खाली अंगठ्यापुरती जागा. पिशवीत शाईचा पॅडसुद्धा होता.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. एक शेंग सोलली. दाणे पाटीत टाकले.

“शंका किती म्हनलास?”

“त्र्याऐंशी.”

“समद्या खऱ्या?”

“एक जरी खोटी निघाली तर सनद फाडून टाकीन, बाबा.”

“न्हाई निघायची,” बाबा म्हणाले. “तू हुशार हाईस.”

वकिलांना बरं वाटलं. अकरा वर्षांत त्यांना असं सरळ कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी पॅड काढण्यासाठी पिशवीत हात घातला.

“आता डुबलाचं वाच.”

वकिलांनी शेवटचं प्रकरण काढलं आणि कोर्टात वाचतात तसं खणखणीत वाचलं. डुबलांच्या मळ्यात त्या दिवशी दुपारी एक बिननंबरची जीप आणि दोन अनोळखी माणसं दिसली होती. ती पाहणारा साक्षीदार म्हणजे विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणारा एक मेस्त्री. त्याचा जबाब वकिलांनी स्वतः लिहून घेतला होता.

“ह्यो कवा बोलला?” बाबांनी विचारलं.

“दोन वर्षांपूर्वी.”

“म्हंजी नऊ वर्सं...”

“घाबरला होता बिचारा. गरीब माणूस, बाबा. डुबलांच्या शिवारात राहून डुबलांविरुद्ध बोलणार कसा?”

“आन् सोडावाला?”

“त्याला पोलिसांनी पढवलं,” वकील म्हणाले.

“त्यो श्रीमंत हाय?”

वकिलांनी पान उलटलं आणि पुढचं वाचू लागले, पण आता आवाज थोडा उतरला होता. पुढं एक पत्र होतं. ‘खरमाटेंचा बंदोबस्त करावा’ असं डुबलांनी कुणाला तरी लिहिलेलं. ते तात्यांच्या पुतण्याला जुन्या कपाटात सापडलं, खुनानंतर सात वर्षांनी.

बाबांनी विचारलं, कपाट आधी कुणी पाहिलं होतं का. पाहिलं होतं, दोनदा. मग तेव्हा पत्र दिसलं नाही? नसेल दिसलं. या पुतण्याचं डुबलांशी बांधावरून काही भांडण? वकील म्हणाले, भांडण कुणाचं नाही त्या शिवारात?

“ईहिरीतलं पिस्तूल चौथ्या दिवशी गावलं,” बाबा हळूच म्हणाले. “ते खोटं. कपाटातलं पत्र सातव्या वर्सी गावलं...”

त्यांनी वाक्य तिथंच सोडलं आणि नवी शेंग उचलली.

आता वकिलांचा संयम सुटला. जे इतकी वर्षं कोर्टात, कचेऱ्यांत, वर्तमानपत्रांच्या दारात ऐकून घेतलं, ते आता गुरूच्या ओसरीवरही ऐकायचं? ते उभे राहिले. बोलले ते शिष्यानं बोलण्यासारखं नव्हतं. म्हणाले, चोर सोडून संन्याशाला फाशी देणारं सरकार, आणि तुम्ही त्याची वकिली करताय. म्हणाले, तात्यांचं रक्त माझ्या अंगावर सांडलंय, तुमच्या नाही. म्हणाले, बागायतदार मठाला धान्य देतात हे मला माहीत नाही असं समजू नका.

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना स्वतःलाच चटका बसला, पण परत घेता येईना.

बाबांनी ते ऐकलं, न ऐकल्यासारखं केलं नाही. “डुबलाकडनं दोन पोती जवारी येती,” ते म्हणाले. “खरं हाय. ही शंकाबी खरी हाय तुझी. बस.”

वकील बसले नाहीत.

“त्या दिवशी माग व्हता का, ते इच्चारायला आलास न्हवं? मग इच्चार की. तू तर लिवूनच आनलंस.”

वकिलांनी दात आवळून विचारलं, “होता का?”

“न्हवता. सात हजार मानसं पळाली त्या माळावनं. पोलिसांच्या बुटांनी उरलंसुरलं तुडवलं. मढ्याभवती पावलांचा निस्ता चिखल. त्यात तुझीबी पावलं. पूर्वेला गेलेला माग न्हाई, पच्छिमेला न्हाई. फौजदाराला म्या त्येच सांगितलं. अर्धी वळ लिवली त्यानं, ती बराबर लिवली.”

वकिलांना बाबा खोटं बोलताहेत असं म्हणता येईना, आणि खरं बोलताहेत असंही ऐकवेना.

“मग डुबलांच्या दारापर्यंत मी पोचलो कसा?” ते म्हणाले. “इतकं सगळं जुळतं कसं?”

“माग मढ्यापास्नं काढायचा असतुया. तू दारापास्नं काढलास, मागं मागं चालत. कुठल्याबी दारापास्नं निघ, मढ्यापतूर पोचशील. माझ्या दारापास्नं निघालास तरी. दोन पोती जवारी हायच की.”

ओसरीवर ऊन आलं होतं. वकील खांबाला टेकून उभे होते, चप्पल पायांतच होती. इथून सरळ निघावं, गठ्ठा एसटीत टाकावा आणि या म्हाताऱ्याचं पुन्हा तोंड पाहू नये, असं त्यांच्या मनात येत होतं. अडीच वाजून गेले होते.

तेव्हा बाबांनी एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी मठात आल्यापासून कुणाला सांगितली नव्हती, आणि सांगताना त्यांच्या आवाजात जो राग होता तो वकिलांवर नव्हता.

बेचाळीस सालाच्या आधीची हकिकत. आंबेखिंडीशेजारच्या हिंगणवाडीच्या पाटलाला त्याच्याच मळ्यात कुणीतरी कुऱ्हाडीनं तोडलं. तिथला जागल्या येसू, साठीचा. त्यानं रीतीप्रमाणं पहिलं पाऊल पाटीखाली झाकलं, बाभळीच्या काडीवर त्याचं माप घेतलं आणि माग काढत काढत आंबेखिंडीच्या शिवेवर आणला. शिवेच्या दगडापाशी तो थांबला. पुढं पाऊल टाकायचा त्याला हक्क नव्हता. त्यानं आंबेखिंडीच्या जागल्याला बोलावणं धाडलं.

जागल्या म्हणजे भिवा, बावीस वर्षांचा.

अशा वेळची रीत ठरलेली होती. पुढच्या गावच्या जागल्यानं यायचं, वाकून पाऊल पाहायचं, आणि पटलं तर आपली काठी त्यावर आडवी ठेवायची. काठी ठेवली याचा अर्थ, माग माझ्या गावात आलाय, आता तो पुढं काढणं माझं काम. काठी ठेवायला कुणाचाच हात धजत नसे. कारण माग गावातून बाहेर निघाला नाही, तर खून गावाच्या माथी बसे. माग आपल्या शिवेत घ्यायचा म्हणजे आपल्या भावकीतल्या प्रत्येकाचं पाऊल त्या काडीवर मोजून पाहायचं.

भिवानं वाकून पाऊल पाहिलं. ते कुणाचं आहे हे त्यानं ओळखलं नाही. ओळखायला तो थांबलाच नाही. मागं अख्खं गाव उभं होतं, आणि आपल्या गावात खुनी आहे असं हिंगणवाडीचा म्हातारा सांगतोय, एवढ्यानंच त्याचं डोकं भणाणलं.

“म्या म्हनलं, पहाटं वारा सुटला व्हता. खरं व्हतं. म्हनलं, वरनं शेरडं गेल्यात. खरं व्हतं. वढ्यात तीन पावलं कमी पडत्यात. ते बी खरं व्हतं. येसू म्हाताऱ्याला एकाचंबी उत्तर देता आलं न्हाई...”

बाबा थांबले. हातातली शेंग तशीच राहिली.

“गावानं मला खांद्यावर घेतलं.”

वकिलांना हे सगळं डोळ्यांपुढं दिसत होतं. कारण असंच त्यांनाही लोकांनी खांद्यावर घेतलं होतं, संघटनेच्या मेळाव्यात, त्र्याऐंशी शंकांतल्या पहिल्या वीस वाचून दाखवल्या त्या दिवशी.

शिवेच्या पलीकडं, दोन्ही गावांच्या मधल्या गायरानात, दगड फोडणाऱ्यांची पालं होती. फिरती माणसं. आज इथं, उद्या तिथं. कुणीतरी बोट केलं की पालांकडूनही एक पाऊल आलेलं दिसतंय. सगळे तिकडं वळले. भिवानं जाऊन पाहिलं आणि हाच माग खरा म्हणून त्यावर काठी ठेवली.

“लगेच?” वकिलांनी विचारलं.

“लगीच.”

“आणि वारा...”

“त्योच वारा. तीच शेरडं.”

पालातल्या लखू नावाच्या माणसाला धरून हिंगणवाडीच्या चावडीत नेलं. तिसऱ्या दिवशी तो तिथंच मेला. त्यानं कबुली दिली असं कागदावर आलं. दिलीही असेल. तीन दिवस माराखाली कोण काय कबूल करणार नाही?

“माझी एकबी शंका खोटी न्हवती, वकील. आजबी छाती ठोकून सांगीन.”

“पण मग पाटलाला मारलं कुणी होतं?”

“ठावं न्हाई.”

“नंतर तरी कळलं असेल.”

“कळनार कुठनं? शिवेवरचा माग म्याच मोडला. येसूनं पाटीखाली झाकलेलं पाऊल तेवढं चार दिवस तसंच व्हतं. त्याच्याकडं कुनी फिरकलं न्हाई. लोकांला मानूस गावला व्हता.” बाबांनी शेंग खाली ठेवली. “लखूच्या पालात तीन बाया व्हत्या, एक तान्हं व्हतं. म्या इच्चारलं न्हवतं. डुबलाच्या घरात किती जनं हाईत?”

वकिलांना माहीत नव्हतं. जावई माहीत होता, त्याचा हात मोडला म्हणून. बाकी घरात कोण, किती, म्हातारं कुणी, लहान कुणी, हे चारशे पानांत कुठंच आलं नव्हतं.

पण माणूस असा एका गोष्टीनं वळत नाही, आणि वकील तर नाहीच नाही. ते म्हणाले, म्हणजे शेवटी सरकारचंच खरं. म्हणजे अंकुशनंच मारलं, मागे कुणी नाही, न्यायमूर्तींनी खाल्लेल्या कोंबड्यांचं चीज झालं. मग अकरा वर्षं मी काय केलं?

“सरकार खरं, असं म्या कुठं म्हनलं?” बाबा पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले. “सोडावाल्याला इच्चार. ईहिरीला इच्चार. तीन फोटू कुनी खाल्ले त्येबी इच्चार, मरस्तवर इच्चार. सोडू नगंस. पर मोटारीच्या मेस्त्रीलाबी त्येच इच्चार. आन् अंकुशचा माग तुझ्या शिवेवर आलाय. त्यो तुझ्या घरी जेवला. त्याला संघटनेतनं काढला कुनी, कशापायी, त्या रातीपास्नं त्यो कुनाकुनाला भेटला... हे तुझ्या त्र्याऐंशीत हाय का?”

नव्हतं. अंकुशला काढण्याच्या ठरावावर सह्या करणारे सातजण होते. वकील त्यांतले एक. त्या सातांपैकी एकालाही वकिलांनी आजवर एक प्रश्न विचारला नव्हता. ते आपले होते. आपल्या माणसांना काय विचारायचं?

बाबा उठले. भिंतीला टेकवलेली काठी त्यांनी घेतली आणि वकिलांपुढं धरली.

वकिलांनी ती घेतली नाही. बाबांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग ती ओसरीच्या फरशीवर, दोघांच्या मधे, आडवी ठेवली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसले.

खालून एसटीचा आवाज आला.

करडवाडीकडून येणारी गाडी वळणावर दिसली, धुरळा उडवत टेकडीखाली येऊन थांबली. कंडक्टरला निरोप दिलेला होता. त्यानं वर पाहिलं आणि ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. वकिलांच्या काखेत गठ्ठा होता. खाली जायला पायऱ्या मोजून चाळीस, दोन मिनिटांचं काम.

रविवारी पाच हजार माणसं येणार होती. तात्यांच्या विधवेला त्यांनी शब्द दिला होता की या वर्षी नाव कळेल. पोरांनी मिरवणुकीचे ट्रॅक्टर ठरवले होते. पुस्तक आलं नाही तर त्या सगळ्यांना काय सांगणार? वकील विकला गेला, असं पहिलं कोण म्हणेल तेही त्यांना माहीत होतं. आणि म्हणणाऱ्याची ती शंकाही कुणी तपासून पाहणार नव्हतं.

पुन्हा हॉर्न वाजला. या वेळी लांबलचक.

वकील हलले नाहीत. त्यांना शांत वाटत होतं म्हणून नव्हे. शांत तर त्यांना मुळीच वाटत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं होतं ते संतापाचं होतं. सरकारवरचा संताप होता, डुबलांवरचा होता, तुरुंगात बसलेल्या अंकुशवरचा होता, या शेंगा सोलणाऱ्या म्हाताऱ्यावरचाही होता, आणि एवढं सगळं मिळूनही तो उरत होता.

कंडक्टरनं घंटी मारली. एसटी निघाली, खिंडीत वळली आणि दिसेनाशी झाली.

वकिलांनी काखेतला गठ्ठा ओसरीवर टाकला. टाइप केलेला जबाब चुरगळला. मग वाकून त्यांनी ती काठी हिसकावल्यासारखी उचलली आणि ओरडले. आवाज मधेच फाटला.

“मग माझ्या तात्यांना मारलं कुणी?”

बाबांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

“ते पायजे व्हय तुला?” ते म्हणाले. “मला वाटलं, निस्ता मानूस पायजे.”